एकाच ताटातली हळद

मुर्धा, भाईंदर पश्चिम

प्रिय निकेत,

तू मला वाचवलंस की स्वतःला? बरेच दिवस मी या प्रश्नाभोवती फिरते आहे आणि मला उत्तर देता येत नाही. तुलाही येईल असं वाटत नाही. तुमच्या कार्यालयात उत्तरं वरून येतात आणि हा प्रश्न वर कुणाला पडलेला नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ‘कृतू, ऐक ना’ म्हणतोस आणि मग चहा निवून त्यावर साय धरेपर्यंत एकटाच बोलत राहतोस. साहेबांच्या सहवासात लागलेली सवय. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी इकडची खबर. तुमच्या साहेबांनी, त्रिलोकनाथजींनी, मंत्रिपदाचा राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी नाक्यावरचा तुमचा मोठा फ्लेक्स बदलायला माणसं आली. नवा छापायला वेळ नव्हता बहुतेक, म्हणून साहेबांच्या चेहऱ्यावर नव्या साहेबांचा चेहरा चिकटवला. नव्या साहेबांचं डोकं लहान निघालं. जुन्या साहेबांचा एक कान अजून बाहेर आहे आणि येणारी-जाणारी पोरं त्याला नमस्कार करतात. सुयोगदादाच्या हळदीला साहेबांबरोबर फोटो काढायला जे एकमेकांच्या पायावर पाय देत होते, तेच आता मच्छीबाजारात सांगतात, ‘माना तवाच वाटलेला, मानूस बरा न्हाय.’ तेव्हा वाटलं होतं तर तेव्हा ओठ का शिवले होते, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, ‘आमी लहान मानसा.’ गाडीवर पक्षाचं स्टिकर लावून नो पार्किंगमध्ये उभी करताना हाच माणूस लहान नसतो.

आणि हृतिक अजून ठाण्याच्या तुरुंगात आहे. ही खबर तुला माझ्याआधी असणार, तरी लिहिते, कारण आता जे काही लिहिणार आहे ते सगळं त्याच्याबद्दल आहे. लग्नांचं शूटिंग करणारा, काशीमीऱ्याला गॅरेजच्या वरच्या खोलीत राहणारा, व्हिडिओत वधूवरांच्या मागे धबधबा लावून देणारा हृतिक देशातल्या एवढ्या मोठ्या नेत्याला पाडायचा कट करतो, यावर विश्वास ठेवायला माणूस एकतर मूर्ख हवा, नाहीतर पगारी. मी पुष्पलतामावशींना, त्याच्या आईला, भेटून आले. ‘वो ऐसा लडका नहीं है’ हे वाक्य त्या पोलिसांपुढे इतक्या वेळा हिंदीत बोलल्यात की माझ्याशीही हिंदीतच बोलल्या. मग लक्षात आल्यावर ओशाळल्या.

आपण असे नव्हतो रे. कॉलेजात असताना गावात टँकर येत नव्हता, तेव्हा तू आणि मी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. राज्यशास्त्राच्या पुस्तकात जे लिहिलंय ते बाहेर खरोखर घडत असेल असं मला वाटायचं. तुलाही वाटायचं. तू त्रिलोकनाथजींच्या मुंबईच्या कार्यालयात प्रसिद्धीच्या कामाला लागलास तेव्हा म्हणालास, ‘आत शिरल्याशिवाय काही बदलत नाही, कृतू.’ मला ते पटलं. मी तुमची पत्रकं वाटली. क्लासमध्ये मुलांना नागरिकशास्त्र शिकवताना उदाहरण म्हणून तुमच्या साहेबांचं नाव घेतलं. आत शिरून तू काय बदललंस ते आता सगळ्यांना दिसलंय. तू कपडे बदललेस.

सुयोगदादाच्या हळदीला साहेब येणार हे तू सांगितलंस, त्या दिवशी बाबा गावभर फिरले. ज्याचा बाप मिठागरात मीठ ओढत होता त्या तुळशीरामच्या मांडवात दिल्लीचा मंत्री. बाबांनी वरच्या खोलीला रंग दिला, नवा एसी बसवला, शेजारच्यांकडून सोफा आणला. तू म्हणालास, साहेबांना गर्दीत त्रास होतो, थोडा वेळ वर बसतील, त्यांचे एक स्नेहीही येतील. स्नेही आले. वरच्या खोलीचं दार लागलं. आम्ही खाली वड्याचं पीठ मळत होतो, वर आमच्याच मिठागरांचा सौदा चालला होता, आणि माझी आई दाराबाहेर सरबताचा ट्रे घेऊन उभी होती, कारण तू तिला म्हणालास, ‘काकी, आत जाऊ नका, मी देतो.’ दिल्लीत पत्रकार होते, मुंबईत कॅमेरे होते. हळदीच्या मांडवात कोण कुणाला भेटलं याची चौकशी कोण करणार? माझ्या भावाची हळद तुम्ही आडोसा म्हणून वापरलीत. याबद्दल तुला कधीच काही वाटलं नाही. ‘पण साहेब आले ना?’ एवढंच तू म्हणत राहिलास.

एक गोष्ट तुमच्या नियोजनात नव्हती. आपल्याकडे हळदीच्या मांडवातून कोरड्या गालांनी कुणाला जाऊ देत नाहीत. दोघे जिना उतरले तशी आत्या-मावश्यांनी वाट अडवली, आणि धवले गाणारी आमची इंदुआत्या ताट घेऊन पुढे झाली. गावातलं एकही लग्न तिच्या गाण्याशिवाय लागत नाही, आणि ती आलेल्या पाहुण्याचं नाव विचारून गाण्यात घालते. नाव न सांगणं म्हणजे यजमानाचा अपमान, हे तुला लहानपणापासून माहीत. साहेबांचं नाव माइकवर घोषित झालंच होतं. तिने दुसऱ्याकडे बोट दाखवून तुला विचारलं, ‘आन ह्याचा नाव काय रं, जावयबापू?’ सगळ्या बायका हसल्या. आपला साखरपुडा नुकताच झाला होता, तू लाजलास. आणि म्हणालास, ‘भल्ला शेट, आत्ये. भल्ला शेट.’ देशभरापासून लपवलेलं नाव तू म्हाताऱ्या बाईला सहज देऊन टाकलंस. बायकांच्या गाण्यात गेलेलं नाव कुठे जातंय, असं तुला वाटलं असणार. तिने लगेच जुळवलं:

मांडवाच्या दारी दोन पावने आले गो,
त्रिलोकनाथ, भल्ला शेट जोरीला बसले गो,
एका ताटान् हलद लावा, दोगं भाव शोभले गो.

साहेबांना शब्द कळले नाहीत. ते हसले, हात जोडले, गाल पुढे केला. भल्ला शेटनेही केला. आत्याने एकाच ताटातली हळद दोघांना फासली. हे सगळं मी माझ्या फोनमध्ये घेतलं, पण साहेबांसाठी नाही. आत्याचा आवाज आता थकत चाललाय, ती गाते तेव्हा मी जमेल तेवढं साठवून ठेवते. एवढाच हेतू होता.

मग तो पावसाळी अधिवेशनाचा दिवस. घरात टीव्ही चालू होता, इंदुआत्या खाली बसून सुकट निवडत होती. विरोधकांनी विचारलं, मीरा-भाईंदरची मिठागरं पडीक ठरवून भल्लांच्या कंपनीला कशी दिली? आणि तुमचे साहेब उभे राहिले. ‘मैं इन महाशय से जीवन में कभी नहीं मिला. मैं तो इनका चेहरा तक नहीं पहचानता.’ आवाजात काय दुखावलेपण होतं. बाकं वाजवली गेली. टीव्हीवर भल्लांचा फोटो आला आणि आत्याने सुकटीतून मान वर काढली. ‘आँ? ह्यो तर त्योच हाय ना, भल्ला शेट? ह्याच्या गालाला मीच हलद लावली.’ बाबा म्हणाले, ‘आत्ये, गप र्‍हा.’ आत्या म्हणाली, ‘मी गप र्‍हाते. पन त्यो खोटा कशाला बोलतंय? त्याला काय आम्ही जेवाय वाढला न्हवता?’ संसदेत त्या दिवशी इतके वकील, इतके विद्वान बसले होते. एवढा साधा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी तू आलास. पेढ्यांचा बॉक्स आणि लॅपटॉपवाली दोन माणसं घेऊन. गणपती मंडळाच्या खोलीत टेबल मांडलंत. हळदीला आलेल्या सगळ्या पोरांना बोलावून, ‘सुरक्षेचा विषय आहे’ असं सांगून एकेकाचा फोन पुसलात. पोरांनी फोन असे पुढे केले जसा प्रसादाला हात पुढे करतात. हळदीचं शूटिंग हृतिकने केलं होतं, त्याच्याकडून त्याची हार्ड डिस्क नेलीत. त्या बिचाऱ्याने वर तुला केबलही दिली. बाबांनी त्रिलोकनाथजी आमच्या घरी कधी आलेच नाहीत अशा कागदावर सही केली, आणि सही करताना तुला विचारलं, ‘मंग ता एसी कुनासाठी बसवला मी?’ तू हसलास. बाबा विनोद करत नव्हते.

मी माझा फोन टेबलावर ठेवला होता, आठवतं? तू तो उचलून माझ्या हातात परत दिलास. ‘तुझा कशाला? तू घरचीच ना.’ आणि बायकांच्या फोनबद्दल तुझ्याबरोबरच्या माणसाने विचारलं तेव्हा म्हणालास, ‘उसमें क्या होगा, रेसिपी और गुड मॉर्निंग.’ मी तिथेच उभी होते.

तरीही मी तुला आधी विचारलं. मीरा रोड स्टेशनजवळच्या त्या उडप्याच्या हॉटेलात, मसाला डोसा निवत असताना. निकेत, हे खोटं आहे, तू सांग, तू सांगितलंस तर मी तुझ्याबरोबर उभी राहीन. तू आजूबाजूला बघितलंस आणि समजावलंस, ‘खोटं नाही गं. लाइन असते. वरून लाइन आली की धरायची.’ मी म्हटलं, माझ्या आजोबांनी आयुष्य घातलेली मिठागरं पडीक आहेत, ही पण लाइन का? तिथे आजही माणसं मीठ ओढतात. तू म्हणालास, ‘तुला पण तिथे टॉवरमध्ये फ्लॅट मिळेल, बघ तू.’ माणूस विकला जातो याचा मला राग येतो, पण ते मी समजू शकते. तू इतक्या आनंदाने विकला गेला होतास की मला राग आलाच नाही. मला तुझी शिसारी आली. डोसा तसाच टाकून मी रिक्षात बसले, आणि त्या आठवड्यात व्हिडिओ एका पत्रकार बाईंना दिला.

पुढचं सगळ्या देशाने पाहिलं. आत्याचं गाणं दिल्लीच्या चॅनेलवर वाजलं, खाली हिंदीत चुकीचं भाषांतर. आधी तुमचे प्रवक्ते म्हणाले, ते साहेब नाहीतच. मग म्हणाले, साहेब आहेत पण भल्ला नाहीत. मग कुणीतरी शहाणा निघाला आणि ठरलं की हे एआयने बनवलेलं आहे. रात्रीच्या चर्चेत तुमच्या तज्ज्ञांनी पुरावा काय दिला? दोन्ही चेहऱ्यांवरच्या हळदीचा रंग तंतोतंत सारखा आहे, असं खऱ्या आयुष्यात होत नाही. एकाच ताटातली हळद, रंग सारखा नसेल तर काय असेल? असल्या माणसांच्या हातात आपण देश दिला होता, मी त्यासाठी पत्रकं वाटली होती. मित्रपक्षांनी हात काढून घेतले तेव्हा साहेब गेले. जातानाही म्हणाले, ‘मी निष्कलंक आहे, नैतिकतेपोटी जातो आहे.’ नैतिकता हा शब्द त्यांनी असा उच्चारला जसा लोक दुसऱ्याच्या आजाराचं नाव उच्चारतात.

मला वाटलं, संपलं. माझा तो समज भाबडा होता. साहेबांना परत यायचं होतं, त्यासाठी व्हिडिओ खोटा ठरणं भाग होतं, आणि व्हिडिओ खोटा ठरायला तो बनवणारा कुणीतरी लागत होता. हृतिककडे कंप्युटर होता, एडिटिंगचं सॉफ्टवेअर होतं आणि ओळखीचं कुणी नव्हतं. त्याला उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी तू आमच्या घरी आलास, ओटीवर बसलास आणि हळू आवाजात मला म्हणालास, ‘आता तुला काही होणार नाही. मी बघितलंय सगळं. त्याला जामीन करून देऊ, त्याच्या आईचंही बघू. दिवाळीनंतर आपण लग्न करून टाकू.’ तुझ्या चेहऱ्यावर समाधान होतं. पण व्हिडिओ मी दिला हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मग मला काही होणार नाही, हे तू का म्हणालास?

तू गेल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. तू ‘भल्ला शेट, आत्ये’ म्हणतोस, बायका हसतात, आणि सगळ्यात जवळून, फोनला चिकटून, माझं हसू येतं. तुला लाजताना बघून आलेलं. ते हसू तू कॉलेजपासून ओळखतोस. गर्दीत मी दिसले नाही तरी त्यावरून शोधायचास. म्हणजे पहिल्यांदा तो व्हिडिओ ऐकलास तेव्हाच तुला कळलं होतं की तो खरा आहे, आणि माझा आहे. कळलं, आणि तू पोलिसांना हृतिकचं नाव दिलंस. माझ्यासाठी दिलंस, असं तू स्वतःला सांगत असशील. पण त्या व्हिडिओत तुझाही आवाज आहे, निकेत. साहेबांच्या आणि भल्लांच्या मध्ये उभं राहून नाव सांगणारा तूच आहेस. मी खरी ठरले असते तर तूही सापडला असतास. साहेबांबद्दल मला आता काही वाटत नाही, तो माणूस टीव्हीतला होता, टीव्हीतून गेला. तुला मी जेवायला वाढलंय. ज्याने माझ्या हसण्यावरून मला ओळखलं आणि मग एका निरपराध माणसाला त्याच्या आईसमोर गाडीत बसवू दिलं, त्याच्याशी लग्न करून मी रोज कुणासमोर हसणार होते?

हे पत्र मी तुझं मन वळवायला लिहीत नाहीये. ते मी हॉटेलात करून पाहिलं. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी लिहिते आहे. इतकं मी तुझं देणं लागते. काल मी हृतिकच्या वकील शुभदाताईंबरोबर कोर्टात गेले. इंदुआत्या ‘मी पन येतंय’ म्हणून नऊवारी नेसून आधीच दारात उभी होती. दंडाधिकाऱ्यांनी तिला काय पाहिलं ते सांगा म्हटलं, तर तिने विचारलं, ‘सांगू का गाऊ?’ आणि परवानगीची वाट न बघता गायली. लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. बाबा आले नाहीत. त्यांची सही खोट्या कागदावर आहे, माझ्या जबाबाने तेही अडचणीत येतील, हे मी त्यांना आदल्या दिवशी समोर बसून सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत, आणि त्यांनी मला अडवलंही नाही. मी शपथेवर सांगितलं की व्हिडिओ खरा आहे, तो मी घेतला, मीच पत्रकाराला दिला, हृतिकचा त्याच्याशी काही संबंध नाही. फोन सीलबंद करून जमा केला. मग त्यांनी विचारलं, गावातले बाकीचे फोन कुणी पुसले, आणि व्हिडिओत भल्लांचं नाव सांगणारा आवाज कुणाचा आहे. मी तुझं नाव दिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, घरच्या पत्त्यासकट, आणि त्याखाली सही केली.

कालपर्यंत तुझीच होते,
कृतिका